सव्यापसव्य

मनुष्यानें पन्नाशी उलटल्यावर कोणत्या गोष्टी नव्यानें शिकूं नयेत याची एक यादी आम्हीं पुष्कळ दिवसांपासून मनांत तयार करून ठेवली होती. तींत पोहणें होतें, तबला होता, फ्रेंच भाषेंतील अनियमित क्रियापदें होतीं. आणि ज्यांत हरल्यावर लहान मुलें हंसतात असे यच्चयावत् खेळ तर होतेच होते. परंतु असल्या याद्या करणारा मनुष्य स्वतःच्या आप्तेष्टांचा हिशेब धरावयास विसरतो. गेल्या उन्हाळ्यांत आमचे भाचेबुवा—वय वर्षें तेवीस, शिक्षण यंत्रशास्त्राचें—पुढील अभ्यासासाठीं जर्मनीस जाण्यापूर्वीं तीन आठवडे आमच्याकडे पुण्यास राहावयास आले, आणि येतांना एक अवजड संगणक व खोक्यांत गुंडाळलेला एक काळा दांडा घेऊन आले. या दांड्यास जॉयस्टिक म्हणतात. आमच्या टेबलावर, तपासावयाच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारीं, तो उभा राहिला तेव्हां कोणीं तरी मोटारीचा गिअर उपटून आणून ठेवला आहे असें आम्हांला वाटलें.

"मामा, मी गेल्यावर हें सगळं इथंच राहणार," भाचेबुवा म्हणाले. "तुम्ही एवढा एक खेळ शिकून घ्या. म्हणजे दर रविवारीं आपण तिथं भेटत जाऊं."

"तिथं म्हणजे कुठं?"

"आकाशांत."

बहिणीचा मुलगा परदेशीं निघालेला, आणि त्यानें भेटीचें ठिकाण म्हणून आकाश सुचविलेलें. अशा वेळीं यादी पुढें करून नकार देण्याइतके आम्ही अद्याप कठोर झालों नाहीं.

खेळाचें नांव 'एलीट डेंजरस'. हा २०१४ सालीं निघाला, पण त्याचें कूळ जुनें आहे. १९८४ सालीं केंब्रिज येथील डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनीं बीबीसी मायक्रो नांवाच्या संगणकासाठीं 'एलीट' नांवाचा खेळ रचला. त्या संगणकाची स्मरणशक्ति सारी मिळून ३२ किलोबाईट; आज फोनवर येणारी एखादी लग्नपत्रिकाहि तेवढ्यांत मावणार नाहीं. तेवढ्या जागेंत या पोरांनीं आठ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६ ग्रह बसविले. नव्या खेळांत तर आपली खरीखुरी आकाशगंगाच मांडलेली आहे, व तींतील तारामंडळांची संख्या सुमारें ४०० अब्ज आहे. आरंभीं खेळाडूला एक लहानसें यान मिळतें. त्यांतून त्यानें लुटारूंशीं लढावें, अज्ञात तारे हुडकावे, उतारू न्यावे किंवा माल वाहावा. आम्हीं माल वाहण्याचें ठरविलें. एका ठिकाणचा माल उचलून दुसऱ्या ठिकाणीं जसाच्या तसा टाकणें, हा आमच्या प्राध्यापकी पेशाशीं अगदीं मिळताजुळता व्यवसाय आहे.

पण आकाशांत पाऊल टाकण्यापूर्वीं 'कंट्रोल्स' नांवाचें एक पान ओलांडावें लागतें. आणि आम्हीं खेळापेक्षां अधिक वेळ या एका पानावर घालविला आहे. एका बाजूला यानाच्या क्रियांचीं नांवें, दुसऱ्या बाजूला रिकामे चौकोन. ज्या क्रियेच्या चौकोनावर जाऊन आपण दांडा हलवूं, कळ दाबूं किंवा माऊस सरकवूं, ती क्रिया त्या हालचालीशीं बांधली जाते. वधू शेंदीडशें आणि वर मात्र मोजके, असें हें लग्नकार्य आहे. आमच्या दांड्याला पुढेंमागें, डावीउजवीकडे, स्वतःभोंवतीं पिळणें आणि बैठकीवरची एक लहानशी सरकपट्टी मिळून चारच हालचाली येतात. आणि यानाला मात्र सहा लागतात.

या सहा हालचाली प्रथम समजावून घेणें अवश्य होतें. भाचेबुवांनीं 'पिच', 'यॉ', 'रोल' असे शब्द उच्चारले, कागदावर बाण काढले. पण आम्हांस उलगडा झाला तो आमच्याच मानेमुळें. वर-खालीं मान हलवून आपण 'होय' म्हणतों, ती पिच. आडवी हलवून 'नाहीं' म्हणतों, ती यॉ. आणि एकदां या खांद्याकडे व एकदां त्या खांद्याकडे कान झुकवून आपल्याकडे जी मान डोलावतात, जिचा अर्थ होय कीं नाहीं हें परदेशी माणसाला जन्मभर कळत नाहीं, ती रोल. हीं झालीं तीन वळणें. बाकीच्या तीन हालचालींत मान वळत नाहीं, सगळें धूडच सरकतें: पुढें-मागें, डावीउजवीकडे, वर-खालीं. विमानाला आडवें सरकतां येत नाहीं, कारण तें हवेवर रेललेलें असतें. अंतराळांत रेलावयास कांहींच नसल्यामुळें यान कोणत्याहि दिशेला ढकलतां येतें, आणि एकदां ढकललें कीं उलट ढकलल्याशिवाय थांबत नाहीं. या खेळांत त्यावर एक साहाय्यक योजलेला असतो. तो आपोआप उलट जोर लावून नवशिक्याचें यान आवरतो. कसलेले खेळाडू त्याला रजा देतात. आम्हीं त्याला पहिल्या दिवसापासून कायम नोकरींत घेतलें.

दुसरा भेद दांडा आणि माऊस यांच्या स्वभावांतला. दांड्याला घर आहे. हात सोडला कीं स्प्रिंग त्याला मध्यावर आणून उभा करते, आणि यानाचें वळणें थांबतें. माऊसला घर नाहीं. जेथें सोडावा तेथेंच तो बसून राहतो. म्हणून खेळाला आपल्याला विचारावें लागतें, कीं माऊस थांबला म्हणजे वळण आपोआप मध्यावर यावें, कीं तुम्हीं स्वतः माऊस मागें आणीपर्यंत यानानें वळतच राहावें? पहिल्या पर्यायांत लांब वळण घेण्यासाठीं माऊस उचलून उचलून पुन्हां सरकवावा लागतो. दुसऱ्यांत आपलें वळण किती शिल्लक आहे याचा पत्ता लागत नाहीं. आम्हीं दोन्ही पर्याय करून पाहिले, व दोहोंनीहि आमचें यान एकाच खडकावर नेऊन आपटलें.

दांड्याच्या बाबतींत एक गोष्ट मात्र आम्हांला न शिकवितां आली. दांडा आपल्याकडे ओढला म्हणजे यानाचें नाक वर जातें, पुढें ढकलला म्हणजे खालीं. पुष्कळांना हें उलटें वाटतें, व तें उलटविण्याची सोयहि त्या पानावर आहे. भाचेबुवा ती करूं लागले तोंच आम्हीं त्यांना थांबविलें. आमचें बालपण नागपुरांत गेलें. आणि संक्रांतीला नागपूरच्या गच्चीवर ज्यानें पतंग उडविला आहे त्याला, मांजा ओढला कीं पतंग वर चढतो व ढील दिली कीं मागें जातो, हें बोटांनींच ठाऊक असतें. ही आठवण सांगतांना त्या मांजाचीं बोटें कोणत्या हाताचीं होतीं हें आमच्या मनांत आलें नाहीं. तें पुढें आलें.

या खेळांतील सर्वांत अवघड प्रसंग लढाईचा नव्हे, घरीं येण्याचा. माल घेऊन आपण अवकाशस्थानकाशीं पोंचतों. तें अवाढव्य स्थानक स्वतःभोंवतीं सावकाश फिरत असतें, आणि आंत शिरण्याची वाट म्हणजे त्याच्या तोंडावरची एक आडवी फट. खेळाडू तिला टपालपेटीचें तोंड म्हणतात. ही फटहि स्थानकाबरोबर फिरते, म्हणून यानानेंहि त्याच गतीनें कुशीवर फिरत फिरत आंत शिरावयाचें. शिरतांना उजव्या अंगाला हिरवे दिवे व डाव्या अंगाला तांबडे, अशी वाट राखावयाची. परवानगी मिळाल्यापासून दहा मिनिटांत नेमून दिलेल्या चौथऱ्यावर उतरावयाचें. सेकंदाला १०० मीटरांहून अधिक वेगानें जात असतां कोणाला धक्का लागला तर दंड. हें सर्व बिनबोभाट करून देणारें एक यंत्र यानांत बसवितां येतें, व तें काम करीत असतां योहान स्ट्राऊसचा 'ब्ल्यू डॅन्यूब' वाजत राहतो. भाचेबुवांनीं तें बसविण्याचें सुचविलें. परंतु ज्यानें तीस वर्षें परीक्षागृहांत पर्यवेक्षण केलें आहे त्याला असल्या उसन्या मदतीचा विटाळ वाटतो. आम्हीं तें नाकारलें.

आणि आपटलों. पहिल्या दिवशीं चारदां, दुसऱ्या दिवशीं पांचदां. दांडा उजव्या हातांत होता. यान थोडें डावीकडे झुके. आम्ही तें सांवरावयास जाऊं तों तें उजवीकडे अधिक झुके. मग त्याची दुरुस्ती, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती, आणि फटीपाशीं येईपर्यंत आमचें यान अक्षता पडण्यापूर्वींच्या नवरदेवासारखें डुलूं लागे. भाचेबुवांनीं वैद्याच्या तत्परतेनें उपाय आरंभिले. दांड्याच्या मध्यभागीं एक अशी जागा राखून ठेवतां येते, कीं तेवढ्यांत तो हलला तरी यानानें तिकडे लक्ष देऊं नये. (अशी सोय परमेश्वरानें प्राध्यापकांच्या कानांत करून ठेवावयास हवी होती.) ती जागा त्यांनीं वाढविली. मग मध्याजवळ दांड्याचा परिणाम सौम्य व टोकाशीं तीव्र अशी त्याची चाल बदलली. तरी गुण नाहीं. मग दांडा बाजूला सारून माऊस उजव्या हातांत दिला. नाक स्थिर राहिलें. पण कुशीवर फिरण्यासाठीं कीबोर्डवरच्या दोन कळा होत्या, आणि कळेला थोडें-अधिक कळत नाहीं. दाबली कीं सगळें, सोडली कीं कांहीं नाहीं. फिरत्या फटीशीं गति जुळवावयाची तर हात हळूहळू झुकला पाहिजे. तें दांड्यालाच जमतें. पुन्हां दांडा आला.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही फटीपासून दोन किलोमीटरांवर असतां फोन वाजला. परीक्षेच्या कामाचा होता. तो घेतल्यावांचून सुटका नव्हती. आम्हीं उजव्या हातानें फोन उचलून कानाशीं धरला, आणि यान भिंतीवर जाऊं नये म्हणून डावा हात आडवा नेऊन दांडा नुसता धरून ठेवला. पलीकडून गुणपत्रकांविषयीं बरेंच कांहीं सांगण्यांत येत होतें. आम्ही 'हो, हो' म्हणत होतों. बोलणें संपलें, फोन ठेवला आणि पडद्याकडे पाहिलें, तों यान टपालपेटीच्या तोंडाशीं नेमकें त्याच्याच गतीनें फिरत होतें. उजवीकडे हिरवे दिवे, डावीकडे तांबडे. भाचेबुवा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही डावखुरे आहांत?"

आम्हीं ताबडतोब दांडा सोडून दिला. आतां असें लिहितांना लाज वाटते, पण खरें तें हें, कीं चोरी पकडली जावी तसा तो हात टेबलाखालीं गेला. यान अर्थातच आपटलें.

आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आंत येत होत्या. त्या म्हणाल्या, "कोण डावखुरं?" भाचेबुवांनीं आमच्याकडे बोट दाखविलें. त्या क्षणभर थांबल्या. "अहो, सत्तावीस वर्षं झालीं. एकदांहि बोललां नाहींत?" आम्हीं उत्तर दिलें कीं विषय निघाला नाहीं. तेंहि खरेंच होतें. तो विषय १९७६ सालीं बंद झालेला होता.

त्या सालीं आम्हांला शाळेंत घातलें. पाटीवर पहिला 'ग' आम्हीं डाव्या हातानें काढला, आणि आमच्या मास्तरांनीं त्या हाताच्या बोटांवर लांकडी पट्टी मारली. फार जोरानें मारली असें नाहीं; त्या काळच्या मानानें तर ती कुरवाळल्यासारखीच होती. घरीं आजीनें आमच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधला. हेतु इतकाच, कीं लिहितांना, जेवतांना, तीर्थ घेतांना 'हा तो नव्हे' हें पोराच्या ध्यानांत राहावें. आजीचें आमच्यावर अपार प्रेम होतें. दोरा झिजला कीं ती नवा बांधी, आणि बांधतांना मुकाट्यानें हातावर खडीसाखरेचा खडा ठेवी, तोहि उजव्या. दोन वर्षांनीं दोऱ्याची गरज राहिली नाहीं. आमचें अक्षर तेव्हांपासून जें वाईट झालें तें आजतागायत तसेंच आहे. फळ्यावरचें आमचें लिहिणें वाचण्यासाठीं विद्यार्थ्यांच्या किती तरी तुकड्यांनीं आपापसांत दुभाषे नेमले. गच्चीवर मात्र कोणी मास्तर नव्हते. तेथें मांजा डाव्या हातांत असे. आणि शेजारच्या तीन वाड्यांतील पोरें आमच्या पतंगाशीं पेंच लावावयास कचरत असत.

भाषेनेंहि या हातावर थोडा अन्याय केलेला नाहीं. दोघांत सरस तो 'उजवा', नीरस तो 'डावा'. एखाद्याची उपेक्षा करावयाची तर त्याला 'डावलावयाचें'. आम्ही ज्या इंग्रजी भाषेचें अन्न खातों तिनें तर 'राइट' या एकाच शब्दांत उजवें आणि योग्य यांचें लग्न लावून दिलें आहे, आणि 'सिनिस्टर' म्हणजे अशुभ हा शब्द लॅटिनमधल्या डाव्यासाठीं असलेल्या शब्दावरून उचलला आहे. संस्कृतांतच काय तो घोळ आहे. सव्य म्हणजे डावा; म्हणून दोन्ही हातांनीं बाण सोडणारा अर्जुन सव्यसाची. पण जानवें नेहमींप्रमाणें डाव्या खांद्यावर असलें तर तें सव्य, व श्राद्धाच्या वेळीं उजव्यावर घेतलें तर अपसव्य. म्हणजे येथें डावें तेंच शुभ! इतकी फिरवाफिरव पाहून मराठी माणसानें कंटाळून सगळ्याच खटाटोपाला सव्यापसव्य हें नांव देऊन टाकलें असावें.

भाचेबुवांना व्युत्पत्तींत रस नव्हता. त्यांनीं स्क्रूड्रायव्हर आणला. आमच्या दांड्याच्या मुठीचे तीन तुकडे सुटे होतात, व ते उलट बसविले कीं अंगठ्याची बैठक दुसऱ्या बाजूस येऊन मूठ डाव्या हाताची होते. पुष्कळ दांडे उजव्या हाताच्याच सांच्यांत ओतलेले असतात. हा तसा नव्हता, हें आमचें भाग्य. तुकडे फिरवितां फिरवितां ते सांगत होते, कीं ए-३२० जातीच्या विमानांत कप्तान डावीकडे बसतो, त्याची उड्डाणाची काठी डाव्या बाजूला असते, आणि म्हणून त्या विमानाचा प्रत्येक कप्तान, मग तो जन्मानें उजवा कां असेना, डाव्या हातानेंच विमान उडवितो. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या ईगल यानांत उजव्या हाताशीं वळण्याची मूठ होती आणि डाव्या हाताशीं सरकण्याची; ज्या सोयुझ यानांतून १९८४ सालीं राकेश शर्मा गेले त्यांतहि कामाची वांटणी अशीच असते. आणि माऊस? डग्लस एंगेलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें तो लोकांना दाखविला, तेव्हां त्यांच्या उजव्या हाताखालीं माऊस होता आणि डाव्या हाताखालीं पांच पट्ट्यांचें एक लहानसें यंत्र होतें. त्या पट्ट्या निरनिराळ्या जोडीनें दाबून अक्षरें उमटत. उजव्या हाताचा माऊस जगभर गेला. डाव्या हाताचें यंत्र कोठें गेलें?

"पट्टी खाऊन गप्प बसलं," आम्ही म्हणालों.

मग तें पान पुन्हां उघडलें. पिच आणि रोल दांड्याच्या कलण्याला बांधले, यॉ पिळण्याला, वेग सरकपट्टीला. उरलें आडवें व उभें सरकणें. तें मुठीच्या माथ्यावर अंगठ्याखालीं एक छोटी चौमुखी कळ असते तिला दिलें. माऊस उजव्या हाताकडेच ठेवला, पण त्याचें काम बदललें: आतां त्यानें यान वळवावयाचें नाहीं, फक्त यानांतल्या माणसाची मान वळवून इकडेतिकडे पाहावयाचें आणि नकाशावरचे तारे निवडावयाचे. पहिल्याच उड्डाणांत असें दिसलें, कीं माऊसला नुसतें बोट लागलें तरी यान कुशीवर होतें. शोधल्यावर कळलें कीं माऊसच्या जुन्या नेमणुका आम्हीं रद्दच केल्या नव्हत्या; एका जागेवर दोन कारकून बसून एकमेकांच्या विरुद्ध शेरे मारीत होते. त्या नेमणुका रिकाम्या केल्या. मग हें सगळें दीड तासांचें काम पक्कें करण्याचें बटण न दाबतांच आम्हीं ऐटींत पान मिटलें, आणि सगळें पुसलें गेलें. दुसऱ्या वेळेस पाऊण तास लागला.

त्या रात्रीं अकराच्या सुमारास आम्ही स्थानकांत शिरलों. डाव्या हातानें मूठ आंवळली नाहीं. मांजा धरावा तशी धरली. फट फिरत होती, आम्ही फिरत होतों, आणि दोहोंचें फिरणें एक झाल्यावर आपण फिरतों आहों हेंच जाणवेनासें झालें. खालीं पाय सोडले, चौथऱ्यावर यान टेकलें. सौभाग्यवती दारांत उभ्या होत्या. त्यांनीं आमच्या पडद्याकडे पाहिलें नाहीं, हाताकडे पाहिलें.

इतकेंच असतें तर आम्ही हा निबंध लिहावयास बसलों नसतों. झोंपण्यापूर्वीं भाचेबुवा सहज म्हणाले, "ताईची चिमी पण डावखुरी आहे, नाहीं का? परवां ताई सांगत होती. पण हल्लीं म्हणे चित्र काढायला बसली, कीं आधीं दोन्ही हातांकडे बघत बसते."

भाचीची ही मुलगी तेव्हां साडेचार वर्षांची होती. मागच्या दिवाळींत ठाण्याहून सगळीं आमच्याकडे आलीं होतीं. चिमी जमिनीवर पालथी पडून रंगाच्या कांडीनें किल्ला काढीत होती, डाव्या हातानें. आम्हीं वांकून ती कांडी हलकेंच तिच्या उजव्या हातांत दिली व म्हणालों, "हा नव्हे, बाळ. तो हात." बैठकींत सगळे होते. कोणी कांहीं बोललें नाहीं. आजोबांनीं प्रेमानें सांगितलें असेंच सर्वांना वाटलें. आम्हांलाहि वाटलें. त्या क्षणीं आम्हांला मास्तर आठवले नाहींत, आजी आठवली नाहीं, लाल दोरा आठवला नाहीं. ज्या हातानें आम्हीं ती कांडी काढून घेतली तो उजवा होता, इतकें मात्र आतां आठवतें.

भाचेबुवा जर्मनीस गेले. रविवारीं आमच्या घड्याळांत साडेतीन तासांचें अंतर ठेवून आम्ही आकाशांत भेटतों. ते पुढें जातात, आम्ही माल घेऊन मागून जातों. भाचीला फोन करावा असें तीनदां मनांत आलें. पहिल्या वेळीं हवापाण्याविषयीं बोलून ठेवला. दुसऱ्या वेळीं तिच्या नोकरीविषयीं. तिसऱ्या वेळीं आमची गोष्ट आम्हीं तिला सांगितली, नागपूरपासून सगळी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, हें तुम्हीच तिला सांगा. माझं ती ऐकत नाहीं. म्हणते, मामाआजोबांनीं सांगितलंय."

गणपतीच्या सुटींत चिमी आली. काय बोलावें याची आम्हीं तयारी करून ठेवली होती. वर्गावर जातांनाहि इतकी करीत नाहीं. पण ती आली ती थेट टेबलाकडे, आणि नेमके तेव्हां आम्ही एका कोऱ्या कागदावर डाव्या हातानें 'श्री' काढून पाहत होतों. पन्नास वर्षांपूर्वींच्या पोराचें तें अक्षर होतें. वेलांटी एका बाजूला आणि 'र' भलतीकडे. चिमीनें कागद पाहिला, मग आमचा हात पाहिला, आणि अगदीं हळू, जणूं आमची फजिती चारचौघांत होऊं नये म्हणून, म्हणाली, "मामाआजोबा, हा नाहीं. तो हात."

तयार केलेलें भाषण कोठें गेलें कोण जाणे. आम्हीं कांहीं न बोलतां तोच 'श्री' त्याच हातानें पुन्हां काढला. मग तिला मांडीवर घेतलें आणि तिच्यासमोर दांडा ठेवला. तिनें दोन्ही हात वर उचलले आणि आमच्या तोंडाकडे पाहिलें. आम्हीं पडद्याकडे पाहत राहिलों. कांहीं वेळानें डाव्या हाताचीं पांच बोटें मुठीवर आलीं. मूठ मोठी असल्यामुळें तीं अर्ध्यावरच पुरलीं.

"ओढला कीं वर," आम्ही म्हणालों. "पतंगासारखं."

तिनें ओढला. यान सरळ स्थानकाच्या भिंतीवर गेलें आणि मोठा आवाज झाला. चिमी खदखदून हंसली, आणि हात न बदलतां म्हणाली, "परत."